बिनलेबलाची डबी

९ फेब्रुवारी

भाडेकरू संघाची सभा झाली. दोन्ही जिने माणसांनी भरले होते. मी पाऊण तास बोलले आणि टाळ्या थांबेनात. खाली उतरले तर एका वयस्कर बाईंनी माझा हात धरून मला भिंतीकडे नेलं आणि हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. घरी कुणी मारतं का हो तुम्हाला?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांची नजर माझ्या गालावर खिळलेली दिसली.

"वांग आहे ते," मी म्हटलं.

"सगळ्या असंच काहीतरी सांगतात," त्या म्हणाल्या आणि माझा हात थोपटून निघून गेल्या.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. दोन्ही गालांवर तपकिरी डाग, नाकाच्या बाजूंनी वर चढलेले, कपाळावर एक पट्टा. एवढे कधी पसरले? घरमालकांच्या करारातली बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारी मी. स्वतःचं तोंड वाचायचं राहून गेलं.

ह्यांना सांगितलं तर हे चष्म्याची काडी वाकवत म्हणाले, "मी मारत असतो तर तू मला एव्हाना कोर्टात उभं केलं असतंस, हे त्या बाईंना सांगायचं ना!" ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि जगातल्या कुठल्याही दुःखावर ह्यांच्याकडे दुकानात बसून सुचलेला एक विनोद असतो.

मला हसू आलं नाही. बाईला तिच्या रंगावरून तोलणाऱ्यांना मी भर सभेत सोलून काढलेलं आहे. आणि आज मला भीती वाटते आहे. कुरूप दिसण्याची नव्हे. लोक माझं बोलणं सोडून माझे गाल बघत बसतील, याची. निदान मी स्वतःला तसं सांगते.

सोमवारपासून नात ठकू दिवसभर माझ्याकडे. लेकीची रजा संपली, ती पुन्हा बँकेच्या काउंटरवर जाणार. आज पिशवी आणून ठेवताना म्हणाली, "पाळणाघर बघून आले, आई. नाही धीर झाला. तुझ्या भरवशावर सोडतेय."

"दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडणार होतीस?" मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आले. लेकीच्या वयाची मुलगी. माझ्या तोंडावर दिवा धरून तिने एकेक डाग पाहिला आणि म्हणाली, "ह्याला उतावळेपणा चालत नाही. पहिलं औषध म्हणजे ऊन टाळणं. सनस्क्रीन रोज, घरात बसलात तरी. आणि रात्री हे ॲझेलिक ॲसिडचं मलम."

"ह्याहून जोरदार काही नाही का?"

"हायड्रोक्विनोन आहे. पण ते माझ्या नजरेखाली आणि ठरावीक मुदतीपुरतंच. मनाने लांबवलं तर डाग उलट काळेनिळे होतात. ती घाई आपण करायची नाही."

"किती दिवसांत जाईल?"

"दिवसांत नाही हो, महिन्यांत. आणि पूर्ण जाईल असं नाही. फिकट होईल. कदाचित पुन्हा येईल."

काय ही वकिली! ह्या केसमध्ये तिने निकालाआधीच हार लिहून ठेवली आहे. दारापर्यंत पोचले तेव्हा तिने मागून सांगितलं, "आणि सुट्या, बिननावाच्या क्रीम मिळतात, त्यांच्या नादी लागू नका."

साहजिक आहे. तिच्या टेबलावर कंपन्यांची कॅलेंडरं होती.

१८ फेब्रुवारी

वाचते आहे. जे हाती लागेल ते. एकेका पदार्थाला साक्षीदारासारखं पिंजऱ्यात उभं करते आणि उलटतपासणी घेते.

व्हिटॅमिन सी: नाव सज्जन, स्वभाव चंचल. बाटली उघडली की हवेने पिवळं पडतं आणि निकामी होतं. नायसिनमाइड: कुणाचं वाकडं करत नाही, भलंही फार करत नाही. कोजिक ॲसिड: बुरशीपासून निघतं, काहींच्या अंगावर पुरळ उठवतं. रेटिनॉइड: आधी आग, मग सालं, मग जमलं तर उजळपणा. हायड्रोक्विनोन: मोठा वकील, फी त्याहून मोठी.

ह्या सगळ्यांच्या पुठ्ठ्यांवर चकाकती अक्षरं आहेत, आणि एकाही पुठ्ठ्यावर "कदाचित उपयोग होणार नाही" असं लिहिलेलं नाही. त्या मुलीने मात्र तसं तोंडाने सांगितलं होतं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो.

ठकू मांडीवर उभी राहून बोट ओलं करते आणि माझे डाग पुसायला बघते. पुसले जात नाहीत म्हणून चिडते. दीड वर्षाच्या पोरीलासुद्धा माझं तोंड मळकं वाटतं.

संध्याकाळी वन्सं आल्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहिणीचं लाँड्रीच्या वर पार्लर आहे, दोन खोल्यांचं. माझं संशोधन ऐकून त्यांना झोप यायला लागली. मी शेवटी म्हटलं, "थोडक्यात काय वन्सं, लेबल म्हणजे मालकाचं भाषण. जेवढं गोड, तेवढं खोटं." त्या खाडकन जाग्या झाल्या. "हे पुन्हा म्हण वहिनी! मी गिऱ्हाइकांना ऐकवते."

५ मार्च

ॲझेलिक ॲसिड बंद केलं. खाज सुटते. परवा सभेत "आपण एक इंचही मागे हटणार नाही" म्हणताना मी गाल खाजवत होते, आणि पहिल्या रांगेतली पोरं हसली. सनस्क्रीन लावलं की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. तेही बंद.

वन्संना सांगितलं. त्या आत गेल्या आणि पांढऱ्या प्लास्टिकची एक डबी घेऊन आल्या. वर काही नाही. नाव नाही, गाव नाही, घटक नाहीत.

"तूच म्हणतेस ना, लेबल म्हणजे मालकाचं भाषण? हे घे. ह्याला तोंडच नाही!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

कुणी बाई घरच्या घरी करते, एक माणूस पार्लरमध्ये आणून देतो. वन्संची सगळी गिऱ्हाइकं हेच नेतात. त्या स्वतःही लावतात. ह्या वयात त्यांचं कपाळ बघावं, काचेसारखं आहे. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवून बजावलं, "लावताना अंगठी काढून ठेव. धातूचा चमचा घालायचा नाही. उजेडात ठेवू नको, काळपट पडतं."

"असं का?"

"शुद्ध आहे ना. शुद्ध वस्तू नाजूक असते."

पटलं. कारखान्यातलं मलम उन्हात वर्षभर पडलं तरी त्याला काही होत नाही, कारण त्यात जिवंत असं काही नसतंच. हे निदान खराब तरी होतं.

२३ मार्च

डाग जात आहेत! फिकट होत नाहीत, जात आहेत! कपाळावरचा पट्टा गेला. त्या मुलीचे "महिने" कुठे आणि ही डबी कुठे. मला तिच्या दवाखान्यात जाऊन माझं तोंड तिच्या दिव्याखाली धरावंसं वाटतं.

हे म्हणाले, "कोण तुम्ही? आमच्या घरी एक करपलेली बाई राहायची."

ठकू आता फक्त माझ्याजवळच झोपते. माझ्या मानेत तोंड खुपसते, गालाला गाल लावते, आणि झोप लागली की तिचा घामेजला गाल सोलून काढावा लागतो. लेक संध्याकाळी न्यायला येते तेव्हा म्हणते, "आई, हिच्या अंगाला तुझ्या क्रीमचा वास येतो." तक्रार नव्हती ती. हसून म्हणाली.

१२ एप्रिल

आज काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही.

पालिकेच्या सभागृहात बोलायचं होतं. मुद्दे पाठ होते. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठलेच नाही. समोर सगळे ओळखीचे चेहरे, आणि मला वाटलं की हे सगळे मला फाडून खाणार आहेत. कशीबशी उठले, माइक धरला, तर हाताच्या थरथरीने माइक खडखडायला लागला. दोन वाक्यं बोलून बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत दया होती.

तीस वर्षांत असं झालं नाही. लाठी घेतलेल्या शिपायांसमोर बोलले आहे मी.

चहा जास्त होतो आहे बहुतेक. तोंडात सारखी नाणं चघळल्यासारखी चव असते. दाताचं सिमेंट झिजलं असेल.

२६ एप्रिल

दाराची बेल वाजली. तळमजल्यावरच्या भाडेकरू बाई, त्यांना नोटीस आली आहे, हे मला माहीत होतं. आणि मी दारामागे उभी राहिले, श्वास धरून, त्या जाईपर्यंत. त्या दोनदा म्हणाल्या, "ताई आहेत का?" ताई होत्या.

कसली भीती आहे ही? फोन वाजला की तो उशीखाली सरकवते. झोप नाही. हिरड्या सुजल्या आहेत. ह्यांच्यावर उगाच ओरडते आणि मग रडू येतं. आयुष्यभर दुसऱ्यांना "घाबरू नका" म्हणत आले. आता वाटतं की ते सगळं उसनं अवसान होतं आणि आतली खरी बाई ही आहे, दारामागची.

एवढीच गोष्ट चांगली आहे की चेहरा स्वच्छ आहे. तो तरी हातचा जाऊ नये म्हणून आता सकाळी पण लावते. वन्संनी नवी डबी दिली. देताना त्यांच्या हातून कप निसटला आणि फुटला. "वय झालं गं आपलं," म्हणाल्या. "परवा एकीची भुवई वाकडी कोरली."

८ मे

ठकूचं काहीतरी बिनसलं आहे.

सारखी रडते. हट्टाने नाही, दुखल्यासारखी. घामाने भिजलेली असते. हाताचे तळवे, पायाचे तळवे लालगुलाबी, उकडल्यासारखे. चालायला शिकलेली पोर आता उभी केली की पाय पोटाशी घेते. खिडकीचा पडदा सरकवला की डोळे माझ्या खांद्यात लपवते.

जवळच्या डॉक्टरांनी "व्हायरल असेल, जाईल आपोआप" म्हणून सांगितलं. लेक माझ्याकडे बघत होती. ती काही विचारत नव्हती, पण मला ते विचारल्यासारखं वाटलं. "मी हिला डोळ्यांआड करत नाही!" मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं.

"मी कुठे काय म्हणाले, आई?"

दिवसभर छातीशी घेऊन बसते. माझ्या गालावर तिचा गाल असला की ती जरा शांत होते. मीही होते.

१७ मे

हाताची सालं निघायला लागली आहेत. बोटांच्या टोकांपासून, पातळ कागदासारखी. ती बोटं चावते. गुडघ्यांवर पुरळ.

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. ट्यूबवर घटकांची यादी, दोन बोटं लांब. मी ती वाचली आणि ट्यूब परत खोक्यात घातली. इतक्या कोवळ्या कातडीवर हे? माझ्या गालांनी सोसलं नाही ते?

मी माझी डबी काढली. मटाराएवढं घेतलं, अंगठी काढून, तिच्या तळव्यांना लावलं. मग गुडघ्यांना. मग कानामागे, तिथेही लाल होतं. ती जरा गप्प झाली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे किती दमलेले दिसतात.

लेकीला सांगितलं नाही. ती डॉक्टरांचं सगळं ऐकते.

२५ मे

हॉस्पिटल.

काल लेकीने फोन केला, "आई, ही उठतच नाही नीट." आम्ही पोचलो तेव्हा ठकूच्या इवल्याशा दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधला होता आणि नर्स पुन्हा पुन्हा मोजत होती, कारण आकडा तिला खरा वाटत नव्हता. एवढ्या लहान पोरीचा एवढा रक्तदाब?

मुलांच्या मोठ्या डॉक्टर आल्या. साठीच्या बाई, आवाज अगदी खालचा. ठकूचे तळवे उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग घरचं सगळं विचारलं: भिंतींचा रंग, जुनं थर्मामीटर फुटलं का, कुठली पूड, कुठलं तेल. लेक उत्तरं देत होती. मी फाईल धरून उभी होते. डॉक्टर मधेच थांबल्या आणि माझ्या हातांकडे बघू लागल्या. फाईलचे कागद फडफडत होते.

"आजी, हात कधीपासून थरथरतात?"

"चहामुळे," मी म्हटलं.

"झोप?"

"नाही."

"तोंडाला कसली चव येते?"

मी सांगितली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. चेहऱ्याला काय लावता?"

मी पर्समधून डबी काढली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, झाकण उघडून बंद केलं.

"लावताना अंगठी काढायला सांगितलं होतं कुणी?"

मी मान हलवली.

"बाळाला लावलं नाहीत ना कधी?"

लेक वळली. तिचा चेहरा अजून माझ्या बाजूने होता. "छे, आई कशाला..." ती म्हणायला लागली.

मला किती तरी बोलता आलं असतं. ट्यूबवरची ती यादी, कंपन्या, कोवळी कातडी, माझा हेतू. सगळं जिभेवर आलं होतं, आणि मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं एवढं छोटं उत्तर दिलं.

"लावलं."

२९ मे

रिपोर्ट आले. तिच्या लघवीत पारा. माझ्याही. माझ्यात जास्त.

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही, समोर बसवून समजावलं. हा पारा कातडीतून आत जातो. रंग तयार होण्याचं कामच बंद पाडतो, म्हणून डाग जातात. धातूला चिकटतो म्हणून अंगठी काढायची. हातांवरून, उशीवरून, टॉवेलवरून घरभर फिरतो. मोठ्यांच्या गालाला पोराचा गाल लागला तरी पुरतं. "तुम्ही लावलंत ते थोडेच दिवस, आजी. त्याआधी कित्येक आठवडे ती तुमच्या गालावर झोपत होती."

त्यांनी हे माझं ओझं हलकं करायला सांगितलं, की पुरतं कळावं म्हणून, मला कळलं नाही.

"हात थरथरतात, झोप जाते," त्या पुढे म्हणाल्या, "आणि माणूस बुजतो. चारचौघांत तोंड उघडत नाही. कारण नसताना घाबरतो."

म्हणजे ती दारामागची बाई मी नव्हते! क्षणभर, अगदी एक क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. बाजूच्या पलंगावर सलाईन लावलेली ठकू होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तो क्षण मी स्वतःला माफ करणार नाही.

औषध सुरू झालं आहे. पारा बांधून बाहेर काढणारं. वेळ लागेल. मूत्रपिंडं कशी टिकतात ते बघावं लागेल. "बरी होईल ना?" लेकीने विचारलं. "बहुतेक मुलं होतात," डॉक्टर म्हणाल्या. बहुतेक. आज त्या शब्दाच्या दाराशी आम्ही सगळे बसलो आहोत.

बाहेर व्हरांड्यात मी लेकीला म्हटलं, "ऐक, मला वाटलं होतं की..."

"आई, भाषण नको." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "फक्त सांग, कुठे कुठे लावलंस?"

मी सांगितलं. तळवे. गुडघे. कानामागे. ती एकेका शब्दाला मान हलवत होती, काउंटरवर पैसे मोजून घेताना हलवते तशी.

२ जून

आमच्या उशा, टॉवेल, माझे ब्लाउज, ठकूची गोधडी, सगळं आरोग्य खात्याची माणसं पिशव्यांत बांधून घेऊन गेली. घर रिकाम्या दुकानासारखं झालं आहे. ह्यांना परवापासून एकही विनोद सुचलेला नाही.

मी वन्संकडे गेले. फोनवर सांगून झालं होतं. त्यांनी फोन आपटला होता. जिना चढताना दोनदा थांबले. वाटलं, परत फिरावं, ह्यांना पाठवावं. अजून ही भीती अंगात आहे. कुठली विषाची आणि कुठली माझी, वेगळी काढता येत नाही.

खुर्चीत एक तरुण बाई डोळे मिटून पहुडली होती. पोट दिसत होतं, सहावा-सातवा महिना असेल. वन्सं तिच्या गालांवर तेच पांढरं मलम चोळत होत्या, उघड्या हातांनी.

"वन्सं, थांबा."

"आलीस? ये. हिलाही सांग तुझी गोष्ट." मग त्या बाईला म्हणाल्या, "आमच्या वहिनी. मोठ्या वक्त्या आहेत. पंधरा वर्षं मी हे पार्लर चालवते, आणि ह्यांना आता साक्षात्कार झालाय की मी विष विकते."

बाई डोळे न उघडता हसली.

"त्यात पारा आहे. रिपोर्ट आहे माझ्याजवळ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"रिपोर्ट! कुणी छापला? काल लेबल खोटं होतं, आज कागद खरा झाला? मी तुझंच वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवून डब्या विकल्या गं! आता तूच माझ्या पोटावर पाय देतेस? पोरगी आजारी पडली, तुला कुणावर तरी ढकलायचं आहे."

"माझ्यावरच ढकलते आहे. बाई, तुम्ही उठा. तोंड धुवा."

"अहो, मला मागच्या महिन्यापासून किती फरक पडलाय!" बाई म्हणाली. "काही त्रास नाही मला."

मी सभागृहं उठवली आहेत. घरमालकांच्या दारात हजार माणसं बसवली आहेत. आणि खुर्चीतली एक बाई मला उठवता येईना. शब्द येत होते, पण प्रत्येक शब्द आधी कुठे तरी वापरून झालेला होता. वन्सं माझ्याकडे विजयाने बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी हात पुढे केला. पालथा, बोटं पसरून. तो खिडकीच्या उजेडात थरथरत राहिला.

"तुमचा हात दाखवा, वन्सं."

"नाटकं करू नकोस."

"नाही करत. दाखवा."

त्यांनी रागाने हात समोर धरला, मलमाने माखलेला. "हे घे!"

बाईने आता डोळे उघडले होते. तिने माझा हात पाहिला. मग वन्संचा. दोन्ही हात एकसारखे थरथरत होते, वन्संचा जास्त. तिने वन्संच्या तोंडाकडे बघितलं, पोटावर हात ठेवला, आणि खुर्चीतून उतरली. बेसिनचा नळ पूर्ण उघडला आणि साबण लावून लावून तोंड धुवायला लागली.

वन्संनी हात खाली घेतला नाही. ताणून, दाबून, दुसऱ्या हाताने मनगट धरून तो स्थिर ठेवायला बघत राहिल्या. "थांब जरा," त्या म्हणत होत्या, मला नव्हे. "थांब ना जरा."

७ जुलै

डाग परत आले आहेत. पहिल्याहून गडद. त्वचेच्या डॉक्टरने काही बोलून दाखवलं नाही. सनस्क्रीन आणि ॲझेलिक ॲसिड पुन्हा लिहून दिलं. ह्या खेपेला मी तिला प्रत्येक घटकाबद्दल विचारलं आणि तिने सांगितलेलं ऐकून घेतलं.

वन्संचीही तपासणी झाली. औषध चालू आहे. पार्लरला कुलूप आहे. डब्या आणून देणारा माणूस सापडला नाही. त्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला फोन करतात. काही ऐकतात. काही शिव्या देतात. एकीने विचारलं म्हणे, "मग दुसरीकडे मिळेल का?"

माझ्या रिपोर्टमधला पाऱ्याचा आकडा उतरतो आहे. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "ही भीती कधी जाईल?"

"पारा निघेल तशी कमी होईल."

"सगळी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सगळी कुणाची जाते, आजी?"

बरं झालं. थोडी ठेवायची आहे मला. कुणी मला माझ्याच मनातलं, माझ्याच आवडीचं वाक्य ऐकवलं, तर तिने आत जागं व्हावं.

आज लेक ठकूला घेऊन आली. दीड महिन्यात पहिल्यांदा. मूत्रपिंडांची तपासणी अजून चालूच राहणार आहे. ठकू बारीक झाली आहे, पण उभी राहते, कॉटला धरून. आता ती पाळणाघरात जाते; लेकीने मला तसं विचारलं नाही, सांगितलं. मी बरं म्हटलं.

लेक खुर्चीत बसली, ठकूला पुढ्यात घेऊन. मी समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. कपडे सगळे नवे, धुतलेले, अंगावर क्रीम नाही, अत्तर नाही, डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलेलं. ठकूने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर परत आलेले डाग बघितले. मग दोन्ही हात माझ्या दिशेने वर केले. तळव्यांवर नवं कातडं आलं आहे, इतकं पातळ की आतलं सगळं दिसेल असं वाटतं.

मी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

ठकूने हात वर धरूनच ठेवले. मी माझे पाठीमागे नेले, एकात एक घट्ट अडकवले, आणि बसून राहिले.